संशोधन प्रकल्पासाठी निधी कसा शोधावा : महाविद्यालयीन प्राध्यापक व संशोधकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक, पीएच.डी. करणारे विद्यार्थी आणि कोणत्याही संस्थेत नोकरीला नसलेले अभ्यासक यांच्यासाठी आहेत. आयआयटी, आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये प्रकल्पांच्या कामासाठी स्वतंत्र कार्यालय असते. महाविद्यालयात मात्र हे सारे काम संशोधक, प्राचार्य आणि लेखा विभागातील एखादा कर्मचारी यांनाच निभवावे लागते, आणि उत्तरांचा रोख त्याच परिस्थितीकडे आहे. योजनांच्या रकमा आणि मुदती दर जाहिरातीगणिक बदलतात. त्यामुळे येथे दिलेला तपशील दिशा समजण्यासाठी वापरावा आणि अर्जापूर्वी चालू जाहिरात मुळातून वाचावी.

निधीचा शोध नेमका कोठून सुरू करावा?

आपल्या संस्थेच्या कागदपत्रांपासून. हे उत्तर अनेकांना निराश करते, कारण डोक्यात विषय तयार असतो आणि त्याला पैसे कोण देईल एवढेच जाणून घ्यायचे असते. परंतु प्रकल्पाचे अनुदान बहुतेक वेळा व्यक्तीच्या नावाने मंजूर होऊन संस्थेच्या खात्यात जमा होते, आणि संस्था ते स्वीकारण्यास पात्र नसेल तर उत्तम प्रस्तावही पहिल्या छाननीतच बाजूला पडतो. म्हणून महाविद्यालयाला विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ मधील कलम २(एफ) व १२(बी) यांखाली मान्यता आहे का, सरकारी निधीचे वाटप व हिशोब ज्यावर होतो त्या पीएफएमएस प्रणालीवर संस्थेची नोंदणी आहे का, खासगी वा विश्वस्त संस्था असल्यास नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरील क्रमांक आहे का, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद उपलब्ध आहेत का आणि विभागाला विद्यापीठाने संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिली आहे का, हे आधी पाहावे. जाहिरात निघाल्यानंतर हा शोध घेतला तर संस्थाचालक मंडळाच्या एका स्वाक्षरीसाठी मुदत निघून जाते. शेवटच्या दिवशी प्राचार्य बाहेरगावी असणे ही तर नेहमीचीच गोष्ट आहे.

यूजीसीचे लघु व बृहत् संशोधन प्रकल्प अजून मिळतात का?

पूर्वीच्या स्वरूपात नाहीत. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या एका संपूर्ण पिढीने पहिले संशोधन अनुदान याच योजनेतून घेतले. परंतु बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ती व्यवस्था थांबली. २०२२ च्या शिक्षकदिनी आयोगाने काही नव्या योजना जाहीर केल्या, त्यांत नव्याने नियुक्त झालेल्या प्राध्यापकांसाठी डॉ. डी. एस. कोठारी संशोधन अनुदान आणि सेवेतील प्राध्यापकांसाठी संशोधन अनुदान अशा प्रत्येकी १० लाख रुपयांच्या दोन योजना होत्या. जागा मात्र संपूर्ण देशासाठी काही शेकड्यांतच होत्या. लघु प्रकल्पांनी भरून काढलेली जागा त्यांनी भरून निघत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

एसईआरबीचे काय झाले? जुन्या योजनांची नावे आता दिसत नाहीत.

विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजेच एसईआरबी, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. या संस्थेचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि ५ फेब्रुवारी २०२४ रोजी अमलात आला. पंतप्रधान तिच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा संकल्प असून त्यांतील सुमारे १४,००० कोटी केंद्र सरकार देणार आणि उरलेले उद्योग, दानशूर संस्था व अन्य स्रोतांतून यावेत, अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा किती पूर्ण होते, यावर पुढील काही वर्षांतील अनुदानांचे प्रमाण बरेचसे अवलंबून राहील.

योजनांची नावेही बदलली. पूर्वीच्या कोअर रिसर्च ग्रँटच्या जागी अॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट आणि स्टार्ट-अप रिसर्च ग्रँटच्या जागी पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आली. सहकाऱ्यांकडून मिळालेली जुनी मार्गदर्शक पत्रके आणि अर्जाचे जुने नमुने म्हणूनच जपून वापरावेत.

संलग्न महाविद्यालयातील विज्ञान प्राध्यापकाने राष्ट्रीय स्तरावर अर्ज करण्यात अर्थ आहे का?

आहे, मात्र स्पर्धेचे मैदान पाहून अर्ज करावा. खुल्या राष्ट्रीय योजनेत आपला प्रस्ताव मोठ्या संस्थांच्या प्रस्तावांशेजारी ठेवला जातो आणि तेथे उपकरणे, पूर्वीचे शोधनिबंध व सहकाऱ्यांचे जाळे यांचा भार जाणवतो. राज्य विद्यापीठे आणि त्यांची महाविद्यालये यांच्यासाठी राखून आखलेल्या योजनांत ही विषमता कमी असते. एसईआरबीने सुरू केलेली ‘शुअर’ ही योजना त्याच हेतूने होती. ‘टेअर’ या योजनेत प्राध्यापक आपली नोकरी न सोडता तीन वर्षांपर्यंत एखाद्या आयआयटी, आयसर वा राष्ट्रीय प्रयोगशाळेत ठरावीक काळ जाऊन संशोधन करू शकतो आणि संशोधनाचा निधी दोन्ही संस्थांत विभागला जातो. अलीकडची ‘पेअर’ योजना एका आघाडीच्या संस्थेभोवती काही विकसनशील विद्यापीठे जोडते. तेथे एकट्या प्राध्यापकाने अर्ज करायचा नसतो, परंतु आपले विद्यापीठ अशा गटात असल्यास त्याची चौकशी जरूर करावी.

गणिताच्या प्राध्यापकांकडे आणखी एक मार्ग होता व त्याची नवी आवृत्ती शोधत राहावी : ‘मॅट्रिक्स’ योजनेत तीन वर्षे दरवर्षी दोन लाख रुपये मिळत आणि प्रस्ताव तुलनेने आटोपशीर असे. ज्यांना उपकरण लागत नाही त्यांच्यासाठी एवढी रक्कम पुरेशी ठरते. अणुऊर्जा विभागाच्या बोर्ड ऑफ रिसर्च इन न्यूक्लिअर सायन्सेसकडे अर्ज करायचा असल्यास त्या विभागाच्या एखाद्या संस्थेतील शास्त्रज्ञ सहयोगी म्हणून लागतो. मुंबईत भाभा अणु संशोधन केंद्र असल्यामुळे महाराष्ट्रातील महाविद्यालयांना ही ओळख करून घेणे इतर राज्यांपेक्षा सोपे आहे, तरी तिचा लाभ फार थोडे जण घेतात.

निधी न मिळताही संशोधन पुढे नेता येते का?

पुष्कळदा येते, आणि पहिल्या प्रकल्पापूर्वी ते करावेच. आपल्याला प्रत्यक्षात यंत्र हवे असते की यंत्रावर मिळणारे मोजमाप, हा प्रश्न स्वतःला विचारावा. आयआयटी मुंबईतील ‘सैफ’ या उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात, तर ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातील सार्वजनिक संस्थांची कोणती उपकरणे बाहेरच्या संशोधकांना खुली आहेत ते शोधता येते. खगोलशास्त्र व खगोलभौतिकीच्या प्राध्यापकांसाठी पुण्याच्या आयुकाचा असोसिएट कार्यक्रम आहे : निवड झालेले प्राध्यापक ठरावीक काळ तेथे राहून ग्रंथालय, संगणकीय सुविधा आणि तेथील शास्त्रज्ञांचा सहवास यांचा लाभ घेतात. अशा कामातून हाती आलेले वीस-पंचवीस नमुन्यांचे निष्कर्षही पुढच्या प्रस्तावात मोलाचे ठरतात, कारण परीक्षकाला कल्पनेपेक्षा सुरू झालेले काम अधिक पटते.

सामाजिक शास्त्रे, इतिहास आणि मराठीच्या अभ्यासकांनी कोठे पाहावे?

सामाजिक शास्त्रांसाठी पहिला दरवाजा म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आयसीएसएसआर. तिचे लघु व बृहत् प्रकल्प, डॉक्टरल व पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आणि परिसंवादांसाठीचे साहाय्य असे वेगवेगळे भाग आहेत. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील जे. पी. नाईक भवनात आहे. परिषदेचे पहिले सदस्य-सचिव आणि कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे नाव त्या इमारतीला दिलेले आहे. इतिहासासाठी १९७२ पासून भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहे.

भाषा, लोककला, रंगभूमी, दृश्यकला यांवर काम करणाऱ्यांनी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सच्या योजना अवश्य पाहाव्यात. तेथे इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांतही प्रस्ताव देता येतात, म्हणजे मराठीतूनही. गावोगावच्या वाचनालयांत, मठांत किंवा घराण्यांकडे असलेली आणि नष्ट होऊ घातलेली कागदपत्रे डिजिटल स्वरूपात जतन करायची असतील, तर ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम’ त्यासाठीच आहे. न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारताच्या इतिहासावरील पुस्तकासाठी फेलोशिप देते, तसेच मराठीसह काही भारतीय भाषांतील महत्त्वाच्या वैचारिक ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादासाठीही. मराठीच्या प्राध्यापकांना आपल्याला कोणी विचारत नाही असे वाटते. त्यात तथ्य आहे. पण या तीन-चार जागांकडे मराठीतून जाणारे अर्जही मोजकेच असतात.

राज्य सरकार आणि विद्यापीठांकडून काय मिळते?

अनेक विद्यापीठांत प्राध्यापकांसाठी छोटी संशोधन अनुदाने असतात. रक्कम कमी, तरी पहिल्या अनुदानासाठी हाच सर्वांत योग्य मार्ग आहे, कारण येथे वेळेवर दिलेला अहवाल आणि नीट दिलेला हिशोब पुढील मोठ्या अर्जात आपल्या बाजूने बोलतो. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र त्याच्या साहाय्याने उभे राहिले. स्थानिक प्रश्नावर विज्ञानाचा उपयोग दाखवणारा विषय असेल तर या आयोगाकडे पाहावे.

फेलोशिप आणि प्रकल्प अनुदान यांत फरक काय?

फेलोशिप संशोधकाच्या निर्वाहासाठी असते, तर प्रकल्प अनुदान कामाच्या खर्चासाठी. कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. महाराष्ट्रातील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी पुण्यातील बार्टी (अनुसूचित जाती) व सारथी (मराठा-कुणबी) आणि नागपूरची महाज्योती (इतर मागासवर्ग व भटके-विमुक्त) या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या लक्ष्यगटातील उमेदवारांना फेलोशिप देतात. दोन ठिकाणांहून एकाच वेळी फेलोशिप घेता येत नाही. पूर्ण वेळ नोकरीत असलेल्यांनाही ती सहसा मिळत नाही.

अंदाजपत्रक कसे लिहावे?

प्रस्तावाचा हा भाग बहुतेक जण शेवटच्या रात्री लिहितात आणि परीक्षक तो बराच आधी उघडून पाहतात. रक्कम मोठी आहे की लहान, यापेक्षा ती कोठून आली हे दिसणे महत्त्वाचे असते.

एक उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या विहिरी व हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराइडचा अभ्यास करायचा आहे, असे समजा. ‘प्रवास : २ लाख, रसायने : ३ लाख’ असे लिहिले तर परीक्षकाला काहीच कळत नाही, आणि न कळलेली रक्कम तो निम्मी करतो. त्याऐवजी असे लिहावे : ४० पाणवठे निवडले आहेत, पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्याच्या अखेरीस अशा तीन फेऱ्या होतील, म्हणजे वर्षाला १२० नमुने. दर दहा नमुन्यांमागे पडताळणीसाठी एक दुहेरी नमुना धरल्यास १२ वाढून एकूण १३२. फ्लोराइडची काचेवर क्रिया होते, म्हणून बाटल्या पॉलिथिनच्या लागतील. मोजणी आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने होणार असल्याने इलेक्ट्रोड, प्रमाण द्रावण आणि बफर यांची किंमत पुरवठादाराच्या दरपत्रकानुसार. एका दिवसात आठ पाणवठे होतात, म्हणजे एका फेरीला पाच दिवस आणि वर्षाला गाडीभाड्याचे १५ दिवस. एवढे लिहिल्यानंतर गाडीभाड्याचा आकडा कापायचा तर कोणता पाणवठा सोडू, हा प्रश्न परीक्षकालाच पडतो.

उपकरणाच्या शीर्षाबाबत, म्हणजे त्या खर्चाच्या गटाबाबत, संयम बाळगावा. महाविद्यालयात यंत्र आणून ठेवण्याची ओढ समजण्यासारखी आहे, परंतु ज्या प्रस्तावात तीन चतुर्थांश रक्कम एका यंत्रावर जाते आणि ते चालवायला माणूस, देखभालीचा करार व अखंड वीज यांचा उल्लेखही नसतो, तो प्रस्ताव खरेदीचा अर्ज वाटतो. प्रकल्प साहाय्यकाचे मानधन निधी देणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या दरांनुसारच लिहावे. संस्थेसाठीची ओव्हरहेडची, म्हणजे तिच्या प्रशासकीय खर्चाची, रक्कम वेगळी दाखवावी. ती संशोधकाच्या खर्चासाठी नसते, यावरून महाविद्यालयांत नंतर फार वाद होतात.

चांगले प्रस्तावही का नाकारले जातात?

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे प्रश्नाचा आवाका. ‘महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या समस्यांचा अभ्यास’ हा विषय दोन वर्षांत, दोन माणसांत आणि काही लाखांत होत नाही, हे परीक्षकाला शीर्षकावरूनच कळते. एका तालुक्यातील शेततळ्यांचा वापर पाच वर्षांनी किती टिकला, हा विषय होतो. दुसरे कारण म्हणजे पूर्वीच्या कामाचा आढावा पाठ्यपुस्तकांवर थांबतो आणि गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंध त्यात दिसत नाहीत. तिसरे कारण लिहायला संकोच वाटतो, पण ते आहे : मजकूर दुसऱ्याच्या प्रस्तावातून किंवा स्वतःच्याच प्रबंधातून जसाच्या तसा उचललेला असतो. आता तो तपासण्याची साधने प्रत्येक संस्थेकडे आहेत.

नकाराबरोबर अभिप्राय आला तर तो बाजूला न ठेवता मुद्देवार उत्तरे लिहून काढावीत आणि पुढील वर्षी सुधारित प्रस्ताव द्यावा. मात्र तोच प्रस्ताव एकाच वेळी दोन सरकारी संस्थांकडे देताना तसे जाहीर करावे लागते.

अर्जापूर्वी कोणत्या परवानग्या लागतात?

माणसांवरील अभ्यासासाठी, त्यात मुलाखती व प्रश्नावल्याही आल्या, संस्थात्मक नैतिकता समितीची मान्यता लागते. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेची नोंदणी व प्राणी नैतिकता समिती लागते. अभयारण्य वा व्याघ्र प्रकल्पात काम करायचे तर वन विभागाची परवानगी लागते आणि ती मिळण्यास अनेक महिने लागू शकतात. आरोग्य विषयात परदेशी सहयोग असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचाही टप्पा असतो. लहान महाविद्यालयात नैतिकता समिती नसल्यास जवळच्या संस्थेच्या समितीकडे जाण्याची सोय आधीच करून ठेवावी.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) निधीतून संशोधन होऊ शकते का?

होऊ शकते, पण कायद्याने आखलेल्या मर्यादेतच. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. सातव्या परिशिष्टात विज्ञान-तंत्रज्ञानातील संशोधनासाठी सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठे, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा अशा संस्थांचा उल्लेख आहे. खासगी विश्वस्त संस्थेच्या महाविद्यालयाने म्हणूनच शुद्ध संशोधनापेक्षा शिक्षण, आरोग्य, पाणी वा पर्यावरण या शीर्षांखाली बसणारा प्रकल्प मांडणे व्यवहार्य ठरते. संस्थेला प्राप्तिकर कायद्याखालील १२-ए व ८०-जी नोंदणी आणि सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. कंपनीचा अधिकारी शोधनिबंध मोजत नाही. किती गावे, किती मुले, किती काळात, हे विचारतो. त्या भाषेत लिहिणे ज्यांना जमते त्यांनी अवश्य प्रयत्न करावा.

परदेशी निधी घेता येतो का?

संस्थेला विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच येते. शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन यांना कायद्यात वेगळी सूट आहे. वन्यजीव व निसर्गसंवर्धनाच्या तरुण अभ्यासकांसाठी ब्रिटनमधील रफर्ड फाउंडेशनची टप्प्याटप्प्याने वाढणारी छोटी अनुदाने हा परिचित मार्ग आहे. तेथेही पैसे भारतात कसे येणार हे अर्जापूर्वी लेखापालाला विचारून घ्यावे.

माझ्या कल्पनेतून उत्पादन होऊ शकते. संशोधन अनुदान मागावे की स्टार्ट-अपचे?

नमुना यंत्र बनवायचे असल्यास केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी-प्रयास’ योजनेतून १० लाख रुपयांपर्यंत, आणि जैवतंत्रज्ञानातील कल्पना असल्यास बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या कंपनीच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटमधून ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेविषयी मात्र गैरसमज आहे. ती मुख्यतः खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे, कमी किंवा शून्य व्याजाचे भांडवल देते. महाविद्यालयीन प्रकल्पाचे अनुदान तेथून मिळत नाही.

प्रकल्प मंजूर झाल्यावर कोणती काळजी घ्यावी?

मंजुरीपत्र लेखा विभागासह बसून वाचावे. पहिला हप्ता आल्यावर दुसरा हप्ता आपोआप येत नाही. त्यासाठी सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचे विवरण आणि प्रगती अहवाल द्यावा लागतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, प्रकल्पाचे वर्ष वेगळ्या तारखेला संपते, आणि महाविद्यालयातील गोंधळ बहुधा या दोन तारखांमध्येच होतो. अनुदानावर मिळालेले व्याज हे आपले नसते. ते सरकारकडे भरावे लागते. एका शीर्षातील रक्कम दुसऱ्यात वळवायची असेल तर खर्च करण्याआधी लेखी मान्यता घ्यावी.

खरेदीत जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलचे आणि दरपत्रकांचे नियम लागू होतात. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संशोधनासाठी दरपत्रकाशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये केली, परंतु आपल्या संस्थेला ती सवलत लागू आहे का, हे निधी देणाऱ्या संस्थेकडून लेखी विचारावे. तोंडी आश्वासन लेखापरीक्षक मानत नाही.

‘अनुदान मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या सल्लागारांची मदत घ्यावी का?

टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. सरकारी अनुदानातून असे शुल्क देण्यासाठी कोणतेही शीर्ष नसते, त्यामुळे ते दिल्यास खोटी देयके करावी लागतात.

निवृत्ती जवळ आली असेल तर अर्ज करता येतो का?

प्रकल्पाच्या पूर्ण कालावधीइतकी सेवा शिल्लक असणे बहुतेक योजनांत अपेक्षित असते. ती नसल्यास तरुण सहकाऱ्याला मुख्य संशोधक करून स्वतः सहसंशोधक म्हणून राहावे.

प्रकल्प संपल्यानंतर उपकरणे कोणाची?

सरकारी अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वमान्यतेशिवाय विकता किंवा अन्यत्र देता येत नाही. व्यवहारात ती बहुधा संस्थेकडेच राहते, म्हणून जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत खरेदीच्या दिवशीच तिची नोंद प्रकल्प क्रमांकासह करावी. मुख्य संशोधक दुसऱ्या महाविद्यालयात गेल्यास प्रकल्प व उपकरणे बरोबर नेण्यासाठी दोन्ही प्राचार्यांची संमती आणि निधी देणाऱ्या संस्थेचा आदेश, असे तिन्ही कागद लागतात.